तक्रार मागणारा सुभेदार

सुभेदार तुळशीराम भोयर गेले, त्यानंतर दहा दिवसांनी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या समाजभवनात शोकसभा झाली. आमच्या शिक्षण संस्थेचे सचिव अध्यक्षस्थानी होते. कुठलीही सभा असली की ते अध्यक्षस्थानी असतातच. त्यांनी खांद्यावरचं उपरणं सावरलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "सुभेदारसाहेब म्हणजे पोलादी माणूस. आयुष्यात त्यांनी कधी कशाची तक्रार केली नाही."

तिसऱ्या रांगेत बसल्या बसल्या माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही कळतं. पण निदान त्याच माणसाबद्दल बोला ना! ज्याने उभ्या आयुष्यात एक कप चहा नावं ठेवल्याशिवाय प्यायला नाही, ज्याच्या तक्रारींनी आमची अख्खी गल्ली रोज सकाळी जागी व्हायची, त्याला मेल्यावर तुम्ही मुका करून टाकलंत. आणि सगळे माना डोलावत होते. मीसुद्धा तिथे उठून काही बोलले नाही, याचा राग वेगळाच. तेव्हा आता लिहिते आहे. सूर चढा लागला तर लागू द्या.

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. भोयर माझ्या घरासमोर राहायचे. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून आलेले. घरची भाजीपाल्याची वाडी होती, ती ते बघायचे, आणि त्यांच्या पत्नी इंदूताई बाजारात बसून भाजी विकायच्या. फौजी म्हटल्यावर जो ताठ, उंच, मिशीवाला माणूस डोळ्यांसमोर येतो, तसं त्यांच्यात काही नव्हतं. बुटके, पोट सुटलेलं, मिशी नाही. गुडघे दुखायचे म्हणून जिना चढताना प्रत्येक पायरीला एक शिवी. वर्ध्यात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, त्या उन्हाला ते असे शिव्या द्यायचे की जणू ऊन कुणीतरी मुद्दाम त्यांच्यासाठी पाठवलंय.

सकाळी सातला पालकाच्या जुड्या घेऊन ते फाटकाशी उभे राहायचे. 'कसं काय' नाही, 'बरं आहे ना' नाही. त्यांचा एकच प्रश्न.

"बोला मॅडम, आज काय तक्रार?"

मी म्हणायचे, "काही नाही."

"असं कसं नाई? पानी आलं होतं का नळाले? बाई आली होती का कामाले? पाठ दुखून राह्यली का? कायतरी असनच. सांगा."

सुरुवातीला मला हा माणूस चक्रम वाटला. एकदा सलग तीन दिवस मी 'काही नाही' म्हटलं, तर चौथ्या दिवशी ते इंदूताईंना घेऊन आले. "हिले तुमच्यापाशी बसाले आनलं. तीन दिवस झाले, तुमची एकबी तक्रार नाई. मले हे काई बरं दिसत नाई." इंदूताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग मला गॅसवाल्याबद्दल काहीतरी बोलावंच लागलं. ते ऐकून भोयर समाधानाने घरी गेले.

हे नुसतं वेड नव्हतं हे मला माझे यजमान गेले तेव्हा कळलं. महिनाभर येईल त्याला मी 'ठीक आहे' सांगत होते. मानसशास्त्राची प्राध्यापक मी! माझे सहकारी, माझे विद्यार्थी, सगळे मला बघून म्हणाले, मॅडम किती धीराच्या. एक दिवस भोयर व्हरांड्यातल्या खुर्चीवर येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी ठीक नाई. तक्रार बोला." मी म्हटलं, कसली तक्रार, आयुष्य आहे, चालायचंच. ते म्हणाले, "आयुष्याची नाई. लहान सांगा. दवाखान्यात खुर्ची कशी होती बसाले?"

आणि मी खुर्चीबद्दल बोलायला लागले. तिचा एक पाय डगमगत होता, त्यावर मी अकरा दिवस बसले होते. खुर्चीवरून भेटायला येणाऱ्या नातेवाइकांवर, त्यांच्यावरून यजमानांच्या हट्टीपणावर, त्यांनी वेळेवर तपासणी केली नाही त्यावर. दोन तास मी त्या गेलेल्या माणसाशी भांडले आणि रडले. भोयर मधून मधून 'बराबर हाये' म्हणत होते. शेवटी उठले आणि म्हणाले, "आता जेवा." त्या दिवशी मी खरोखरच पोटभर जेवले.

त्यांचा हा सगळा सिद्धांत फौजेतला होता. मी वर्गात शिकवायचे की माणसाच्या स्वभावाचे अमुक पैलू असतात, शिस्तप्रिय, शांत, न चिडणारी माणसं ताण चांगला सोसतात. भोयर म्हणायचे, "तुमचं पुस्तक सायबाच्या खुर्चीतून लिहेल हाये. मी लायनीत उभा राहून पाह्यलं. कुरकुर करनारा टिकते. दाळ पातळ हाये म्हननारा, मोजे फाटके हाये म्हननारा, सुभेदारले मागून शिव्या देनारा, तो घरी वापस जाते. ज्याचं सगळं ठीक हाये, त्याच्यावर नजर ठेवा लागते."

उंचावरच्या बर्फातल्या एका चौकीवर असताना त्यांनी आपल्या माणसांना एक नियम लावला होता. संध्याकाळची हजेरी झाली की दहा मिनिटं कुरकुरीची. प्रत्येक जवानाने एक तक्रार करायचीच. नाही केली तर दुसऱ्या दिवशी बर्फ वितळवून पाणी करायचं काम त्याच्याकडे. एकदा तिथे एक तरुण अधिकारी आला आणि बघतो तर जवान रांगेत उभे राहून सुभेदाराच्या तोंडावर सुभेदाराला नावं ठेवताहेत, आणि सुभेदार 'नेक्स्ट' म्हणतोय. अधिकारी भडकला. भोयर म्हणाले, "साहब, इधर बोल लेंगे तो उधर सो जाएँगे." अधिकाऱ्याने थोडा विचार केला आणि म्हणाला की मग माझीही एक तक्रार आहे, तुमचा चहा भयंकर आहे. हे सांगताना भोयर दर वेळी मांडीवर थाप मारून हसायचे.

हसणं संपल्यावरचं मात्र त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्या चौकीवर डोंगरी भागातला एक जवान होता. सगळ्यांत दणकट, सगळ्यांत शांत. त्याची पाळी आली की म्हणायचा, "सब ठीक है साहब." त्याला शिक्षेचं काम दिलं तर तेही हसत करायचा. शेवटी भोयरांनी त्याला कुरकुरीतून सूट दिली. कशाला छळायचं, एवढा मजबूत पोरगा आहे. आणि एका सकाळी तो बूट-मोजे काढून, नीट जोडीने ठेवून, अनवाणी बर्फात चालत निघाला. दीड-दोनशे पावलांवर सापडला. जीव वाचला, पण दोन्ही पायांची बोटं गेली. घरी पाठवला त्याला.

"सूट म्या देली होती," भोयर म्हणाले. "सगळे म्हनत होते का त्याचा स्वभावच शांत हाये. मीबी तेच म्हनलं."

त्यानंतर त्यांनी पालकाच्या भावाबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली. मी विषय पुन्हा काढला नाही.

आता माझ्याबद्दल सांगावं लागेल, कारण या गोष्टीतला मोठा गाढवपणा माझाच आहे.

माझ्या शेवटच्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी प्रबंध लिहीत होती. विषय हाच, सैनिकांचा स्वभाव आणि त्यांच्या मनाचा चिवटपणा यांचं नातं. माजी सैनिक हवे होते. मी भोयरांना गळ घातली. त्यांनी आपल्या व्हॉट्सॲपच्या गटावर निरोप टाकला आणि जिल्हाभरातून तीस-पस्तीस माणसं याच समाजभवनात गोळा केली. आम्ही प्रश्नावल्या वाटल्या. 'संकटात मी खचून जात नाही.' 'मी सहसा तक्रार करत नाही.' 'मला राग क्वचित येतो.' समोर पाच रकाने, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत.

मी बाहेर चहाची व्यवस्था बघत होते. आत काय झालं ते मला नंतर कळलं. पहिल्या रांगेत एक निवृत्त सुभेदार मेजर बसले होते, सगळ्यांत मोठ्या हुद्द्याचे. त्यांनी आपला कागद भरला आणि शेजाऱ्याला दाखवला. शेजाऱ्याने तसाच भरला. तो कागद रांगेरांगेने मागे गेला. कुणाला यात काही गैर वाटलं नाही. कॉपी केली असंही त्यांना वाटलं नाही. वरिष्ठाने जे उत्तर दिलं, तेच पलटणीचं उत्तर.

भोयरांचा कागद तेवढा वेगळा होता. त्यांनी समासात लिहून ठेवलं होतं. 'राग रोज येतो, दोनदा.' 'खचलो होतो. तीन वेळा. सांगू का?' आणि 'मी सहसा तक्रार करत नाही' याच्यापुढे, 'जो करत नाही त्याला शोधा.'

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "मॅडम, हे कागद जाळून टाका."

"का?"

"फौजेत सायब सगळ्यायले समोर बसवून इचारते, कोई तकलीफ? अन् सगळे एका दमात म्हनते, नहीं साहब. तकलीफ असन तरी. ही सवय हाये, नोकरी संपली तरी जात नाई. तुमच्या कागदानं तेच इचारलं, मराठीत. ही परीक्षा नाई झाली, कवायत झाली."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, सुभेदारसाहेब, प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली आहे. माणसं स्वतःबद्दल खरं सांगत नाहीत, जे शोभेल ते सांगतात, हे तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले. आणि हाती आलेले आकडे इतके देखणे होते की मी ते तसेच पुढे जाऊ दिले. जो जितका शांत, तितका चिवट. सरळ रेघ! परीक्षकांनी कौतुक केलं. मीही हुरळले.

त्या ढिगात सगळ्यांत वरचे गुण नाईक हुद्द्याच्या एका माणसाला मिळाले होते. सुधाकर, गाव वडनेर. चार वर्षांपूर्वी निवृत्त होऊन आलेला. मागच्या रांगेत बसला होता. बाकीच्यांनी 'सहमत' लिहिलं, तर आपण कुठे कमी पडायला नको म्हणून याने सगळीकडे 'पूर्ण सहमत' लिहिलं, सुवाच्य अक्षरात. आणि भोयर सगळ्यांत खाली.

हे इथेच थांबलं असतं. पण आमच्या सचिवांना माजी सैनिकांचा सत्कार करायचा होता. ते मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या संशोधनात पहिला कोण आला?" मी म्हटलं, संशोधनात नंबर नसतो, आणि नावं गुप्त असतात. "तरी पण," ते म्हणाले. "शाल आणून ठेवली आहे. कोणाच्या तरी अंगावर घालावी लागेल." आणि मी नाव दिलं. प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर माझ्या सहीनिशी छापलं होतं की आपली माहिती कुणालाही सांगितली जाणार नाही. तरीही दिलं. सचिवांशी वाद घालायचा मला कंटाळा आला होता, एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

'सर्वोच्च मनोबल' असं सोनेरी अक्षरात छापलेलं प्रमाणपत्र, खाली संस्थेचा गोल शिक्का. सुधाकरचं नाव पुकारलं, तो मंचावर गेला. टाळ्या वाजत होत्या. तेवढ्यात भोयर खुर्चीतून उठून ओरडले, "त्याले खाली घ्या! हात पाहा त्याचे!" सुधाकरचे हात थरथरत होते. शाल घेताना त्याने ते पाठीमागे लपवले. पण लोकांनी भोयरांकडे बघितलं, सुधाकरकडे नाही. मागून कुणीतरी हसून म्हणालं, "सुभेदाराचा नंबर नाई लागला ना, म्हनून तापले." सगळा हॉल हसला. भोयर एकटेच बाहेर निघून गेले, आणि मी मंचावर बसून राहिले.

सहा महिन्यांनी सुधाकरची बायको लता माझ्या दारात उभी राहिली. वडनेरहून हिंगणघाट, तिथून वर्धा, अशा दोन बस बदलून आलेली. हातातल्या पिशवीत काचेच्या चौकटीतलं ते प्रमाणपत्र होतं.

"मॅडम, हे वापस घ्या," ती म्हणाली.

मला काही उमजेना. मग तिने सांगितलं. दोन महिने झाले, सुधाकर मागच्या खोलीतून बाहेर येत नव्हता. झोपत नव्हता. मुलीशी बोलत नव्हता. भांडं पडलं तरी भिंतीला चिकटून उभा राहायचा. मागच्या आठवड्यात म्हणाला, माझं असणं नसणं सारखंच आहे. लताला त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पण तिचे भासरे, म्हणजे सुधाकरचा थोरला भाऊ मधुकर, भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवायचे. "कालेजच्या मॅडमनं तपासून लिहून देलं. सगळ्या जिल्ह्यात याचं मन मजबूत. अन् तू त्याले याड्याच्या डाक्टरकडं नेतं?"

"तुमी फक्त लिहून द्या, हे खोटं हाये," लता म्हणाली. "बाकी मी पाहून घेतो."

मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा भोयर व्हरांड्यात होते आणि लता त्यांना सगळं सांगत होती. ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो माणूस उन्हावर ओरडायचा, भेंडीवर ओरडायचा, पण माझ्यावर ओरडला नाही. हळूच म्हणाला, "म्या सांगतलं होतं, मॅडम." त्यांनी तेव्हा मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वडनेरला गेलो. मधुकरचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. माणूस दुष्ट नव्हता. गावात काय म्हणतील याला तो घाबरलेला होता. "लोक म्हनतीन, याडा झाला. पोरगी हाये त्याची. अन् मॅडम, फौजी मानूस, त्याले काय होते? स्वभावच शांत हाये त्याचा."

मी म्हटलं, "ते प्रमाणपत्र चुकीचं आहे."

"मंग देलं काऊन?"

मी तिथेच एका कागदावर लिहून दिलं की या प्रमाणपत्राला काही अर्थ नाही, सुधाकरला डॉक्टरांना दाखवणं जरूर आहे. खाली सही केली. मधुकरने तो कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "यावर शिक्का नाई."

मला हसावं की किंचाळावं कळेना. खोट्या कागदावर शिक्का होता, खऱ्यावर नव्हता. भोयरांनी मात्र वाद घातला नाही. ते सरळ मागच्या खोलीत जाऊन सुधाकरच्या खाटेशेजारी बसले.

"नाईक सुधाकर, काय तकलीफ?"

"सब ठीक, साहेब." भिंतीकडे बघतच.

"बरं. मी मंगळवारी येतो."

त्यानंतर महिनाभर एक दिवसाआड तो साठी उलटलेला, गुडघे दुखणारा माणूस दोन बस बदलून वडनेरला जात होता. इंदूताई मला म्हणाल्या, "वाडीत गवत वाढून राह्यलं, अन् हे तिकडं जाऊन बसते." तिथे बसून ते करायचे काय? तक्रार. बसची सीट फाटकी होती. कंडक्टर उर्मट होता. लताचा चहा गोड होता, मग अगोड होता. शेळीचा वास येतो. खाट टोचते. सुधाकरला ते काहीच विचारायचे नाहीत, एकटेच तीन-तीन तास कुरकुरत बसायचे. लता सांगायची की कधी कधी तिलाच उठून जावंसं वाटे. मधुकरला तर खात्रीच पटली की डोकं फिरलंय ते याच म्हाताऱ्याचं.

एका दुपारी भोयरांचा मला फोन आला. आवाज असा की मला वाटलं काहीतरी वाईट झालं.

"मॅडम! बोलला!"

"काय बोलला?"

"मले म्हने, साहेब, तुमी लय बोलता. डोकं दुखून राह्यलं माहं." आणि ते पोरासारखे हसायला लागले. "माह्यीच तक्रार केली त्यानं, मॅडम. पह्यली तक्रार!"

पण डॉक्टरकडे न्यायला मधुकर अजून तयार नव्हता. मग भोयरांनी जे केलं ते मी तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांनी दुकानात जाऊन मधुकरला सांगितलं, "भाऊ, मलेच दाखवाचं हाये सेवाग्रामले. डोक्याच्या डाक्टरले. बायको बजारात बसते, संगं कोनी नाई. सुधाकरले पाठवता का? म्हाताऱ्या मानसाले धरून न्याले?" मधुकर एका पायावर तयार झाला. स्वतःचा भाऊ वेडा म्हणवून घ्यायचा नव्हता, पण दुसऱ्या वेड्याला मदत करायला त्याची काही हरकत नव्हती. त्याने सुधाकरला स्वतः बसमध्ये बसवून दिलं.

दवाखान्यात मी आधीच जाऊन थांबले होते. सुधाकर दाढी करून आला होता. भोयरांनी खिडकीवर आपला केसपेपर काढला. कशासाठी म्हणून विचारल्यावर सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मनाच्या डाक्टरले दाखवाचं हाये. लिहा." रांगेतली दोन-चार डोकी वळली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नाटक हाये, मॅडम. धा मिनिटं अंदर बसतो, डाक्टरले सगळं समजावतो, मंग याले बोलावतो. तुमी याच्यापाशी बसा."

ते आत गेले. मी आणि सुधाकर बाहेरच्या बाकावर. दहा मिनिटं झाली, वीस झाली. दार नीट लागत नव्हतं. आधी भोयरांचा नेहमीचा चढा आवाज येत होता, गुडघे, बस, ऊन. मग तो खाली आला. आणि मग मी ते ऐकलं, ऐकायला नको होतं तरी ऐकलं.

"रोज सकाळी उठलो का मी घरातल्या चपला मोजतो, डाक्टर. बायकोची, माही. इतके वर्षं झाले. एक जोडी नीट ठेवेल दिसली का पायानं इस्कटून टाकतो. सगळ्यायले तक्रार मागत फिरलो. माही कोनी मांगितली नाई."

आणि ते रडायला लागले. दबून नाही, मोठ्याने.

सात वर्षं मी त्यांच्या समोर राहिले. रोज त्यांनी मला विचारलं. माझा दोन तासांचा आक्रोश त्यांनी ऐकून घेतला. आणि मी, मन हा ज्या बाईचा विषय, तिने त्यांना एकदाही उलट विचारलं नाही. त्यांची कुरकुर ऐकून मला वाटायचं, या माणसाचं सगळं बाहेर येतंय. बाहेर येत होती ती फक्त भेंडी आणि ऊन. सगळ्यांत कमी गुण मिळालेला हा एकच माणूस खरं बोलला होता, 'खचलो होतो, तीन वेळा, सांगू का?' म्हणून त्याने समासात लिहून दिलं होतं, आणि मी ते वाचून गंमत वाटली म्हणून विद्यार्थिनीला दाखवलं होतं. सचिवांवर मी कितीही चिडले तरी त्यांच्यात आणि माझ्यात फार अंतर नाही.

सुधाकर माझ्या शेजारी ताठ बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचे हात मांडीवर थरथरत होते आणि या वेळी त्याने ते लपवले नाहीत. तो म्हणाला, "मॅडम, सुभेदारसाहेब खरंच रडून राह्यले?"

"हो."

तो उठला. मला वाटलं बाहेर निघून जाईल, म्हणून मीही उठले. तो खिडकीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढे सहा-सात माणसं होती. आपली पाळी येईपर्यंत तो एकेक पाऊल सरकत राहिला. खिडकीतल्या माणसाने विचारलं, काय त्रास आहे. तो आधी काहीतरी पुटपुटला. मग पुन्हा बोलला, मला बाकापाशी ऐकू आलं इतक्या स्वच्छ आवाजात.

"झोप येत नाई. चार वर्षं झाले. अन् जगन्याची इच्छा होत नाई."

भोयर त्यानंतर दोन वर्षं जगले. सुधाकर आणि ते महिन्याच्या महिन्याला सोबत जायचे. पण मला ते आठवतात ते त्याच दुपारचे. नेमके तेव्हाच ते दार उघडून बाहेर आले होते. डोळे सुजलेले, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खिडकीपाशी, हातात नवा केसपेपर घेऊन उभा असलेला सुधाकर त्यांना दिसला. मला वाटलं, आता ते पुढे होतील, त्याच्या पाठीवर थाप मारतील. ते जागचे हलले नाहीत. नुसते बघत राहिले. मग वळून आत डोकं घातलं.

"डाक्टर, पुढचा पेशंट येऊनच राह्यला," ते म्हणाले. "त्याले अंदर याले पाच मिनिटं लागतीन. तवर माहं उरलेलं ऐकून घ्या."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.